ब्रासमध्ये न मोजलेली माती

बांधकामाच्या धंद्यात माती ब्रासने मोजतात. १०० घनफुटांचा एक ब्रास; हायवा डंपर एका खेपेत चार-पाच ब्रास सहज नेतो. साइटच्या गेटवर एक पोरगा वही घेऊन बसलेला असतो: गाडीचा नंबर, वेळ, ब्रास, ड्रायव्हरची सही. त्या वहीच्या मागे तहसीलदारांची परवानगी, गौण खनिजाची रॉयल्टी भरल्याचं चलन, वाहतुकीचा पास. पास नसताना गाडी सापडली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. २०२१ मध्ये रॉयल्टी ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झाली, तेव्हा आमच्या ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्याच्या आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन निकाली निघाला होता: पायासाठी खोदलेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर तिच्यावर रॉयल्टी लागत नाही. म्हणजे कुंपणाच्या आत माती फिरली तर काय आणि बाहेर गेली तर काय, हेसुद्धा आपल्याकडे शेवटच्या कोर्टापर्यंत ठरवून झालेलं आहे.

एवढ्या चोख हिशेबात एक दरवाजा मात्र सताड उघडा आहे. माती डंपरऐवजी पाण्यावाटे गेली, तर तिला पास लागत नाही.

हे मला आपल्या कुठल्या नियमपुस्तकाने सांगितलं नाही. २०१२ च्या सुमारास मी रामनदीच्या खोऱ्यात एका आयटी इमारतीच्या कामावर प्लॅनिंग इंजिनिअर होते. रामनदी भुकूमजवळ खाटपेवाडीच्या अंगाला उगवते आणि बावधन, पाषाण करत बाणेरकडे जाऊन मुळेला मिळते. इमारत घेणारी कंपनी परदेशी होती आणि तिला ‘लीड’चं प्रमाणपत्र हवं होतं. लीड म्हणजे हरित इमारतींची अमेरिकन गुणपत्रिका. तिच्यातले बहुतेक गुण ऐच्छिक. सायकलींची सोय केली तर इतके, पाणी वाचवलं तर तितके. पण तेव्हाच्या आवृत्तीत पहिल्याच प्रकरणाच्या तोंडाशी एक सक्तीची अट होती. ती पाळली नाही तर पुढचे गुण कोणी मोजतच नाही. बांधकाम चालू असताना माती पाण्यातून किंवा वाऱ्यावर साइटबाहेर जाऊ द्यायची नाही, आणि हे कसं करणार त्याचा आराखडा खोदाईला हात लावण्याआधी तयार हवा. तो आराखडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००३ च्या बांधकाम परवान्याप्रमाणे करायचा किंवा स्थानिक नियमांप्रमाणे. दोन्हींत जो कडक असेल तो धरायचा.

“स्थानिक नियम काढ,” साहेबांनी सांगितलं. मला वाटलं, दुपारभराचं काम.

तेव्हा काय सापडलं आणि पुढच्या वर्षांत काय भर पडली, ते एकत्रच सांगते. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम करायचं नाही, तिथे कापायचं नाही, भरायचं नाही, सपाटही करायचं नाही, हा नियम आपल्याकडे आहे आणि चांगला आहे. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्या अटींत वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवून नंतर बागेला वापरा, असं लिहिलेलं असतं. नदीकाठाला निळी आणि लाल पूररेषा आहे. २०१८ पासून धुळीचे नियम आले: उघडी माती झाकून ठेवा, पाणी मारा. गोव्यात नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे टेकडी कापायची किंवा सखल जमीन भरायची तर आधी लेखी परवानगी लागते. हे सगळं वाचून झालं तरी माझा साधा प्रश्न तसाच राहिला. प्लॉट १:८ उताराचा आहे, बांधकामाला कायदेशीर आहे, परवानगी आहे, रॉयल्टी भरली आहे. जूनमध्ये तिथून गढूळ लोंढा ओढ्यात गेला तर कुठल्या कागदाचा भंग होतो? १:५ ची रेघ नकाशावर असते. पावसाला १:६ ही पुरतो.

गंमत अशी की हाच प्लॉट शेत असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा १९४२ चा आहे, स्वातंत्र्याच्याही आधीचा. त्याखाली गावंच्या गावं बांधबंदिस्तीला घेता येत होती आणि खर्चाचा वाटा जमीनधारकांवर टाकता येत होता. सोलापूर, नगर, पुण्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या ताली-बांधांमागे सरकारी मृदसंधारणाचं मोठं काम आहे. जमीन एनए झाली की पहिल्या दिवशी जेसीबी काय करतो? या ताली सपाट करतो. शेत असेपर्यंत मातीची राखण करणारा कायदा, शेताचा प्लॉट झाला की तिथून निघून जातो. आणि माती सगळ्यात जास्त वाहते ती नेमकी याच मधल्या काळात, पीकही नाही आणि फरसबंदीही नाही अशा वर्ष-दोन वर्षांत.

तर मी फाइलवर लिहिलं, ‘स्थानिक नियम: लागू नाही’, आणि अमेरिकन परवाना उघडून बसले.

त्यात पहिलं नाव होतं सिल्ट फेन्सचं. घट्ट विणीचं कापड, खुंट्यांवर ताणलेलं, खालची कड सहा इंच जमिनीत पुरलेली. गढूळ पाणी मागे साचतं, गाळ बसतो, पाणी झिरपून जातं. परचेसवाल्यांनी त्याऐवजी नर्सरीला लावतात ती हिरवी शेडनेट आणली, कारण ती टिंबर मार्केटजवळ मिळाली आणि स्वस्त होती. कुंपणाला लागून ती दिमाखात उभी राहिली. फोटो निघाले. मे महिन्यात वळवाची पहिली सर आली आणि तांबडं पाणी जाळीच्या खालून, मधून, जिथे वाटेल तिथून निघून गेलं.

खोदाईचे मुकादम जवळच उभे होते. पन्नाशी उलटलेले, पुरंदरकडचे. सगळी साइट त्यांना मामा म्हणायची. ७२ च्या दुष्काळात पोरवयात त्यांनी आईबापांबरोबर दुष्काळी कामावर माती उपसली होती. “मॅडम,” ते म्हणाले, “हे पाणी अडवायला लावलंय का साहेबांना दाखवायला?”

मी आराखडा त्यांच्यापुढे धरला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण उताराच्या रेषा त्यांनी बोटाने बरोबर ओळखल्या. त्यांच्या मते चूक कापडाची कमी आणि जागेची जास्त होती. आम्ही जाळी हद्दीच्या रेषेवर लावली होती. हद्द सरकारी मोजणीप्रमाणे जाते, उतार तिला विचारत नाही. त्यामुळे पाणी जाळीच्या कडेकडेने धावत सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एकवटत होतं आणि तिथे फोडून बाहेर पडत होतं. अमेरिकन पुस्तकातही हेच लिहिलेलं होतं: फेन्स समपातळीवर लावा, टोकं चढाकडे वळवा. ते मी वाचलेलं होतं. मामांनी ते करून दाखवलं. गवंड्यांकडून लेव्हल पाइप मागवला, पाण्याने भरला, एक टोक स्वतः धरलं, दुसरं पोराच्या हातात दिलं, आणि दोन्हीकडचं पाणी एका उंचीवर आलं की तिथे फक्कीची चिमूट टाकायची, पुढे सरकायचं. तासाभरात उतारावर पांढरी नागमोडी रेघ उमटली. तिच्यावर चर खोदला आणि निघालेला मुरूम खालच्या अंगाला वरंबा करून दाबला. ठरावीक अंतरावर सांडवा सोडून त्याच्या तोंडाशी दगड रचले. टेकडीवर वनखात्याची माणसं जी सलग समतल चर खोदतात, तीच ही चीज. घट्ट विणीचं खरं कापड नंतर आलं, तेही लावलं. पण मुख्य काम चरांनी केलं.

ऑडिट करणाऱ्या सल्लागाराला आधी हे मान्य होईना. त्याच्या यादीत ‘चर’ नव्हता. मग यादीतल्या ‘पाणी वळवणारे बांध’ या शब्दांखाली आम्ही तो बसवला आणि सगळ्यांचं समाधान झालं.

उताराची कापलेली बाजू झाकायची होती. परवान्यात पेंढ्याचं आच्छादन सुचवलेलं, आणि मुळशी म्हणजे भाताचा तालुका, त्यामुळे पेंढा हवा तितका. पसरला, वरून सुतळी ताणून बांबूच्या खुंट्या मारल्या. चार दिवसांत शेजारच्या वाडीतल्या म्हशींना पत्ता लागला. रखवालदाराचं अर्धं लक्ष स्टीलवर आणि अर्धं म्हशींवर, अशी ती मोसमाची सुरुवात होती. वरच्या पट्ट्यात गवत फुटलं तेव्हा म्हशींचा उत्साह आणखी वाढला, पण तोवर मुळं धरली होती.

सर्वांत खालच्या कोपऱ्यात गाळ बसण्याचं तळं केलं. अमेरिकन परवान्यात मोठ्या पाणलोटासाठी एकरी ३,६०० घनफुटांचं तळं सांगितलेलं आहे. हा आकडा आकाशातून पडलेला नाही: एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण तेवढंच पाणी होतं. आमच्या भाषेत एकरी ३६ ब्रास. ते मी फळ्यावर लिहिलं तेव्हा साहेब म्हणाले, “म्हणजे पाणी साठवायला मी पार्किंगची जागा देऊ?” दिली मात्र, कारण प्रमाणपत्राशिवाय भाडेकरू येणार नव्हता. पण एक इंच हा हिशेब इथे कितपत चालतो? वळवाची एखादी सर तासाभरात तेवढं ओतते. पुणे शहरात वर्षाचा पाऊस ७००-७५० मिलीमीटर. इथून पुढे मुळशीतच ताम्हिणीला जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात ५५० च्या वर नोंदला गेला. शहराच्या हद्दीपासून तासाभराच्या गाडीच्या अंतरात पाऊस इतका बदलत असेल, तर मातीचा नियम मुंबईत किंवा दिल्लीत बसून एकसारखा लिहिता येणार नाही. तो तालुक्याचा, खरं तर खोऱ्याचा असायला हवा.

त्या तळ्याने मला जे शिकवलं ते मात्र कुठल्या परवान्यात इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हतं. तळ्यात येणाऱ्या आणि तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याने मी प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या आणि साइट ऑफिसच्या खिडकीत ओळीने ठेवल्या. आत येणाऱ्या पाण्याच्या बाटलीत जाड रेव मिनिटाच्या आत तळाला गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्यावर पिवळसर पोयट्याचा थर बसला. वरचं पाणी मात्र संध्याकाळी तांबडं, दुसऱ्या दिवशी तांबडं, तिसऱ्या दिवशीही चहासारखं. आणि तळ्यातून बाहेर पडणारं पाणी? तेही अगदी त्याच रंगाचं, फक्त तळाशी थर नाही. हिशेब सोपा आहे. ०.२ मिलीमीटरचा वाळूचा कण संथ पाण्यात एक मीटर खाली जायला अर्धा-पाऊण मिनिट घेतो, ०.०२ मिलीमीटरचा पोयट्याचा कण पाऊण तास, आणि ०.००२ मिलीमीटरचा चिकणमातीचा कण सुमारे तीन दिवस. आपल्या काळ्या जमिनीत आणि कुजलेल्या खडकात या शेवटच्याचा भरणा. तीन दिवस पाणी धरून ठेवेल असं तळं कोणत्याही बिल्डरला परवडणार नाही. म्हणजे माती एकदा सुटली की तिच्यातली बारीक माती हातची गेली. ओढ्याला वाचवायचं तर ती सुटूच द्यायची नाही: लागेल तेवढंच उघडं करायचं, उघडं केलं ते लवकर झाकायचं. पकडण्याची सगळी यंत्रणा, कापड, तळं, गेटवरचा खडीचा पट्टा, ही दुसऱ्या फळीची आहे.

आणि पहिल्या फळीचं काम इंजिनिअरच्या हातात नसतं, ते वेळापत्रकात असतं. आमच्याकडे समज असा की पावसाच्या आत खोदाई उरकायची. ऐकायला शहाणपणाचं. प्रत्यक्षात मे अखेर पाच एकर उघडे पडतात, मग कुठे बँकेचा हप्ता अडकतो, कुठे स्टीलचा भाव वाढतो, आणि जून ते सप्टेंबर तो खड्डा तसाच आभाळाकडे बघत पडून राहतो. त्यात पाणी साचलं की मडपंप लागतो आणि त्याचा पाइप थेट रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात. पुण्यात पावसाळ्यात फिरताना हा पाइप बघा. एकदा दिसायला लागला की प्रत्येक दुसऱ्या साइटवर दिसतो.

माझी इंजिनिअरिंगची एक मैत्रीण व्हर्जिनियात बांधकामांवर हीच तपासणी करते. तिच्याकडून कळलेल्या तीन गोष्टी मला अमेरिकन पुस्तकापेक्षा उपयोगी पडल्या. तिथे १९७३ पासून राज्याचा कायदा आहे, पण अंमल काउंटीचा. १०,००० चौरस फूट जमीन उघडी करायची असेल तर आराखडा लागतो आणि चेसापीक उपसागराच्या संरक्षित पट्ट्यात २,५०० फुटांपासूनच. म्हणजे आपल्याकडचा एक मध्यम बंगल्याचा प्लॉटसुद्धा सुटत नाही. दुसरं, अंतिम उतार झाल्यावर सात दिवसांत जमीन झाकायची, आणि अर्धवट जमीन चौदा दिवसांहून जास्त पडून राहणार असेल तर तिलाही तात्पुरतं झाकायचं. आमच्या चार महिने पडून राहणाऱ्या खड्ड्याला चपखल लागू पडावं असं हे कलम. तिसरं, तपासणीचं: दर दोन आठवड्यांतून एकदा आणि वाहतं पाणी होईल इतका पाऊस झाला की ४८ तासांत पुन्हा. “आणि पैसे आधी जमा करून घेतात,” ती म्हणाली, “बिल्डरने नाही केलं तर काउंटी त्यातून करून घेते.” तिथे सगळं आलबेल आहे असं तिने मुळीच सांगितलं नाही. गाळाने भरून पालथ्या पडलेल्या फेन्सचे फोटो ती मला पाठवते, खाली मजकूर, ‘तुझी शेडनेट’.

२०१३ च्या जूनमध्ये हा विषय आमच्या साइटवर एकदम गंभीर झाला. ६ जूनला कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ, शिंदेवाडीला, डोंगर फोडून ओढ्याची वाट बुजवलेल्या जागेवरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि मोटारीतून जाणाऱ्या कुटुंबातल्या मायलेकी वाहून गेल्या. लेक तान्ही होती. त्यानंतर काही दिवस सगळ्या यंत्रणा टेकडीफोड शोधत फिरल्या. आमच्याकडेही महसुलाची माणसं आली. त्यांनी काय तपासलं? गेटवरची वही, चलनं, पास, खोदाईचं माप. सगळं बरोबर होतं. निघताना त्यांच्यातल्या एकाने चर बघितले आणि विचारलं, “हे कशाला?” मामांनी सांगितलं. तो म्हणाला, “असं सगळ्यांनी करायला पाहिजे.” पण त्याच्या तक्त्यात ते लिहायला रकाना नव्हता.

मी एकदा बसून गणित केलं होतं. एका एकरावरून एक सेंटिमीटर जाडीची माती धुऊन गेली, तर ती सुमारे ४० घनमीटर, म्हणजे १४ ब्रास. तीन डंपर. आजच्या दराने ८,४०० रुपयांची रॉयल्टी. हेच तीन डंपर रात्री पासाशिवाय निघाले असते तर गाड्या जप्त. कापलेल्या उघड्या उतारावर एक सेंटिमीटर ही फार मोठी गोष्ट नाही. एका पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेला ओघळी पडतात त्या वीतभर खोल असतात. ही माती जाते कुठे, तेही गूढ नाही. रामनदीवरचा पाषाण तलाव गाळाने उथळ झाला त्यात आजूबाजूच्या बोडक्या टेकड्यांचा आणि बांधकामांचा वाटा आहे. बाकीची नाल्यात बसते, आणि मे महिन्यात महापालिका पावसाळापूर्व नालेसफाईचं टेंडर काढते. पोकलेन उतरतो, गाळ डंपरमध्ये भरला जातो आणि त्याचं माप घेऊन बिल निघतं. म्हणजे माती पुन्हा मोजली जाते, फक्त या वेळी पैसे करदात्याचे.

म्हणून माझं म्हणणं फार मोठ्या कायद्याचं नाही. बांधकामाच्या प्रारंभ प्रमाणपत्रासाठी आपण पार्किंगचा नकाशा देतो, अग्निशमनाचा देतो, झाडांचा देतो. त्यात एक पान मातीचं असावं: पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठला भाग कधी उघडा होणार, कधी झाकणार, मडपंपाचा पाइप कशात सोडणार. १५ मेला जो भाग उघडा राहणार असेल त्याचं उत्तर आधी द्यायचं. आणि बंगल्याच्या प्लॉटलाही ते लागू असावं, कारण टेकडीच्या पायथ्याला लहान प्लॉटच जास्त आहेत.

मी आता स्वतंत्र सल्ला देते. गेल्या उन्हाळ्यात भूगावच्या बाजूचा एक तरुण बिल्डर आला. वडिलांचा धंदा सांभाळतोय, हरित प्रमाणपत्राची त्याला गरज नाही. त्याने नकाशा बघून पहिला प्रश्न विचारला, “ताई, हे कुठल्या नियमात आहे?” कुठल्याच नाही, असं सांगितलं आणि त्याच्याच मागच्या साइटवरून रस्त्यावर आलेल्या चिखलाचा, त्यात घसरलेल्या दुचाकींचा आणि सोसायटीवाल्यांच्या तक्रारींचा विषय काढला. गेटवर खडीचा लांब पट्टा आणि डंपरची चाकं धुवायला टँकर, हे त्याने लगेच मानलं. चरही मानले, मजुरी थोडीच लागते. अडलं ते तळ्यावर. प्लॉटचा सर्वांत खालचा कोपरा रस्त्यालगत होता आणि तिथे त्याला सॅम्पल फ्लॅट उभारायचा होता, गिऱ्हाइकाला गाडीतून उतरल्यावर चिखल तुडवावा लागू नये म्हणून. त्याचं चूक नव्हतं. पाणी मात्र त्याच कोपऱ्यात येणार होतं. शेवटी सॅम्पल फ्लॅट तीस फूट वर सरकला, तळं कोपऱ्यात राहिलं, आणि त्याच्याभोवती त्याने कठडा घालून फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या. ब्रोशरमध्ये त्याचं नाव ‘वॉटर फीचर’ आहे. ऑगस्टमध्ये त्यातून गाळ उपसला तेव्हा गेटवरच्या पोराला मी तो वहीत लिहायला लावला. गाडीचा नंबर कुठला टाकू, असं त्याने विचारलं.